एल्वूडच्या बंदुकीची माशी

नेम चुकला तर दोष बंदुकीचा असतो, आणि बंदुकीत दोष असला तर तो माशीचा असतो. पेनसिल्व्हेनियातल्या टॅनरी हॉलो ठासणी-बंदूक मंडळाचं हे मूलतत्त्व. माशी म्हणजे नळीच्या टोकावर उभा केलेला इवलासा पत्रा. तो हरणाच्या खांद्यावर टेकवायचा नि चाप ओढायचा. (पुढचं हरणाने पाहायचं.)

नाताळानंतरच्या शिकारीच्या हंगामात मंडळातल्या एल्वूड क्रेसमन यांचं तीस पावलांवरचं हरण हुकलं. हरण उभंच होतं. गेलं तेही चालत. मंडळाने तातडीने पॅनकेक मागवून चौकशी बसवली.

"बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते," त्यांची मुलगी नोरीन म्हणाली. "परवा त्यांनी कॉफी कपाशेजारी ओतली."

"कप कसला होता, पोरी?" अध्यक्ष क्लेटन यांनी विचारलं. "आणि पितळी माशी ढगाळ दिवशी मलाही दिसत नाही."

"ऐकलंस?" एल्वूड म्हणाले. त्यांचा चेहरा असा खुलला की नोरीनला पुढे बोलवेना.

मग निवड सुरू झाली. चांदीची माशी उन्हात चमकते, म्हणून उत्तम. उन्हात चमकते, म्हणूनच टाकाऊ. हाडाची पांढरीशुभ्र, बर्फ सोडून कुठेही उठून दिसते. (हंगाम बर्फातच असतो.) हिरव्या प्लास्टिकची आंधळ्यालाही दिसते, त्यामुळे डोळस माणसं तिचं नाव काढत नाहीत.

नवी माशी मुद्दाम उंच बसवतात. उंच माशीने गोळी खाली जाते. मग ती वर येईपर्यंत माशी कानशीने घासायची. मंडळाच्या नव्वद टक्के अडचणी घासून सुटतात, उरलेल्या दहा टक्क्यांत माशीच संपते. एल्वूड यांच्या तीन संपल्या. चौथी, हाडाची, बसवली तेव्हा उन्हाळा सरत आला होता.

"लागली का रे?" बार काढून त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी निशाणाच्या कोऱ्याच राहिलेल्या कागदाकडे पाहिलं.

"जरा डावीकडे," क्लेटन म्हणाले.

"अगदी जरा," बाकीचे म्हणाले. नोरीनही म्हणाली.

ऑक्टोबरमध्ये एल्वूड तळघराच्या जिन्यावरून पडले, आणि पहिल्यांदाच कोणीतरी, म्हणजे डॉक्टरने, बंदूक सोडून माणूस तपासला. डोळ्यामागे गाठ होती. वसंतात आणलं असतं तर काढता आली असती, असं तो म्हणाला. (डॉक्टर शिकारी नव्हता.) नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधी एल्वूड गेले.

दफनानंतर चर्चच्या तळघरात हॅम आणि बटाट्याचं सॅलड होतं. क्लेटननी नोरीनला बाजूला घेतलं. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"खरं सांगू पोरी? हाड नको होतं. चांदीच घ्यायला हवी होती."

"हो, क्लेटनकाका," नोरीन म्हणाली, आणि त्यांना आणखी थोडं सॅलड वाढलं.

मंडळ चालूच आहे. आपल्या घरातही कोणाचा नेम अलीकडे चुकत असेल, आणि त्यासाठी आपण दिवा, खुर्ची किंवा कप बदलून पाहत असाल, तर अवश्य या. एक जागा रिकामी आहे.