लायनीवरचे जादा श्रोते

सख्ख्या भावावर पाळत ठेवण्यात तोटा नसतो, झाला तर फायदाच होतो. औशाचे डाळीचे व्यापारी माणिकप्पा यांनी तो आधीच मांडून ठेवला होता: धाकटा चंद्रप्पा चोरून प्लॉट घेत असेल आणि ते वेळेवर कळलं, तर निम्मा प्लॉट आपला.

दुकानाची गाडी सामाईक. सोमवारी वसुलीला थोरला नेई, गुरुवारी धाकटा. माणिकप्पांनी लातूरच्या रुद्रेश फिटरकडून गाडीच्या पोटात एक डबी बसवून घेतली आणि कुठं बोलणार नाही म्हणून त्याला गुरूची शपथ घातली. गाडी कुठं थांबली ते डबी मोबाइलवर सांगे. दर गुरुवारी मुरुड, वीस मिनिटं. (इसार द्यायला तेवढी पुरतात.) माणिकप्पा स्वतःही सोमवारी मुरुडला थांबत, परंतु ती बाब खाजगी असल्याने तिची नोंद घेण्यात आली नाही.

महिन्याभरात गाडी बंद पडली. समोरचे झाडून सगळे दिवे लागले, इंजिन मात्र ढिम्म.

"अण्णा, रुद्रेशलाच बोलवू," चंद्रप्पा म्हणाला.

नको म्हटलं तर संशय येईल, म्हणून माणिकप्पा हो म्हणाले. डबी भावासमोर निघाली असती, तर दुकानाची वाटणी त्याच दुपारी झाली असती.

हल्लीच्या गाडीत इंजिन, ब्रेक, स्टेअरिंग अशा प्रत्येक खात्याला स्वतंत्र कारभारी असतो. हे कारभारी पीळ घातलेल्या दोन तारांवरून एकमेकांशी अखंड बोलतात. (त्या बाबतीत ते औशाच्या बाजारासारखेच.) या लायनीवर घरचेच असले की फिटरचा ओहम मोजणारा मीटर साठ दाखवतो. एक परका कान लावून बसला की चाळीस, दोन बसले की तीस. एक चुगलखोर गाडी सहन करते, बहुतेक घरंही करतात. दुसरा आला की सगळेच अबोला धरतात.

रुद्रेशने तासभर स्कॅनर लावला, फ्यूज काढून पुन्हा तेच बसवले आणि दोन्ही भावांच्या नजरेला नजर दिली नाही. शेवटी म्हणाला, "सावकार, मीटर तीस दाखवायलाय. लायनीवर जादा लोक हायेत. दोन."

"दोन?" माणिकप्पा ओरडले. त्यांच्या माहितीप्रमाणे एकच होता.

"दोन?" चंद्रप्पाही त्याच सुरात ओरडला.

दोन्ही डब्या निघाल्या. एकाच रंगाच्या, एकाच हाताने बसवलेल्या.

"कंपनीवालेच बसवत असतील," माणिकप्पा म्हणाले.

"हाव अण्णा. लई डांबरट असतेत."

दहा वर्षांत भावांचे हे पहिले एकमत. रुद्रेशने दोन्ही शपथा पाळल्या आणि काढणावळ दोघांकडून घेतली.

चाचणीसाठी गाडी कुठं न्यायची यावर चर्चा झाली नाही. ती मुरुडलाच गेली आणि एका मिठाईच्या हॉटेलापुढे आपोआप थांबली. मालक खिडकीशी धावत आला.

"आँ! सोमवारचे पाव्हणे अन् गुरुवारचे पाव्हणे आज संगटच? दोघांलाबी शुगर, दोघांलाबी जिलेबी! घाबरू नका, घरी सांगत न्हाई."

"अण्णा, डॉक्टरनं तुमाला..."

"गप. खा."

एकूण खर्च असा: डब्यांचे पैसे दोघांनी भरले, रुद्रेशचे दोघांनी, जिलेबीचे थोरलेपणामुळे माणिकप्पांनी. डब्या निघाल्यावर मीटर साठ दाखवायला हवा. तो चाळीसवरच अडला आहे. म्हणजे दोन भावांचे घरगुती बोलणे पहिल्या ओळीपासून फुकटात ऐकणारे अजून कोणीतरी लायनीवर आहे, आणि त्यांनी अद्याप एक पैसाही भरलेला नाही. वाचक महाशय, आपण कधी भरताय?