ढोलीत न मावलेलं दुःख

“ती खारीची नवी सून ना? तिची काळजी नको. ती नुसती बघते. बोलत नाही.”

एका जंगलात, मुलांनो, हे वाक्य एक मोर एका चितळाला हळूच म्हणाला. दोघं झाडाखाली उभे होते. ती सून त्याच झाडावर, बरोबर मोराच्या डोक्यावर, उंबर खात बसली होती. पण त्या दिवसांत जंगलात वर बघायची पद्धत नव्हती. सगळे आत बघत.

हे आत बघणं कसं सुरू झालं, ते आधी ऐका.

मोराचा पिसारा गळला. तो दरवर्षीच गळतो. एरवी मोर थोडं खाजवून गप्प बसायचा. यंदा मात्र तो म्हणाला, “मग मी कोण?”

त्याच सुमारास चितळाची शिंगं गळली. पालीच्या मागे मुंगूस लागलं, तेव्हा तिने शेपूट टाकलं. तीही दोघं विचारू लागली, मग मी कोण? तिघं तीन खडकांवर बसून जगण्याचा अर्थ शोधू लागली. गर्दी जमली. ससे रडायला येत. माकडं रडणाऱ्यांना बोरं विकायला येत.

हळूहळू प्रश्न निघाला, की सर्वांत खोल शोध कुणाचा?

“माझी पोकळी बघा,” मोर म्हणाला. “पिसारा होता तेवढी लांब आहे.”

“लांबीला काय चाटायचंय?” पाल म्हणाली. “माझं शेपूट माझ्या डोळ्यांदेखत वळवळत होतं. तुझी पिसं तर तू झोपलेला असताना गळली.”

“माझं दुःख जोडीनं आहे,” चितळ म्हणालं. “एक डावं, एक उजवं.”

भांडण वाढलं, तशी सभा ठरली. परीक्षक म्हणून घुबडाला बोलावलं. घुबड विद्वान होतं, शिवाय त्याला दिवसा दिसत नसे. सभा भर दुपारी घ्यावी, असा तिघांनीही आग्रह धरला. एरवी त्यांचं कशावरही एकमत होत नसे.

बक्षीस काय, तर जिंकणाऱ्याला चिंतनासाठी जागा. कोरडी हवी, शांत हवी, मुंग्या नकोत. अशी ढोली जंगलात एकच होती. खारीची.

त्या ढोलीत तिघं राहत होती. सासू, मुलगा आणि नवी सून. सासऱ्यांना उन्हाळ्यात घारीने नेलं होतं. त्याआधी त्यांनी हिवाळ्यासाठी शेंगा पुरून ठेवल्या होत्या, ह्याच झाडाखाली. नेमक्या कुठे, ते सांगायचं राहिलं. घार काही निरोपासाठी थांबत नाही. सासूबाई रोज झाडाखाली बसून उकरत. ढोली गेली की झाड जाणार होतं, झाड गेलं की शेंगा. आणि थंडी तर सुरू झाली होती.

“अहो, तुम्ही बोला ना काहीतरी,” सून नवऱ्याला म्हणाली.

“मी काय बोलणार? थोरामोठ्यांचं आहे. दुःखात आहेत बिचारे.”

दुःखात! सून रोज सकाळी फांदीवरून बघत होती. मोराला नवी पिसं फुटून बरेच दिवस झाले होते. तो ती दाबून वर सागाच्या पानांची शाल गुंडाळायचा. चितळ पळसाच्या पानांचा फेटा बांधून खडकावर चढायचं. फेटा रोज थोडा थोडा उंच होत होता. आणि पाल तर हल्ली जागची उठतच नसे. ती शेपटीवर बसून शेपटीबद्दल बोलायची.

पण नव्या सुनेला पहिल्या वर्षी बरंच काही दिसत नाही, असंच धरलेलं असतं. तिनेही तसंच धरलं.

सभेचा दिवस आला. सभा त्याच झाडाखाली होती. सगळ्यांच्या आधी सासूबाई पुढे झाल्या. त्यांना वाटलं, आपणही सांगून बघावं.

“आपण काय गमावलंत?” घुबडाने विचारलं.

“आमचे हे गेले.”

“अरेरे. मग शोध घेतलात?”

“रोज घेते. शेंगांचा. झाडाच्या तीन बाजू उकरून झाल्या.”

“आणि काय सापडलं?”

“दोन शेंगा. त्यातली एक किडकी.”

घुबडाने मान गर्रकन फिरवली. “बाई, हा शोध फार वरवरचा आहे.”

“वरवरचा कसा? चांगलं वीतभर खोल उकरते मी!”

ससे फिदीफिदी हसले.  सासूबाई झाडामागे आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसल्या आणि चौथी बाजू उकरू लागल्या.

मग मोर उठला. शाल सावरून म्हणाला, “मित्रहो, पिसारा म्हणजे मी नव्हे, हे मला पिसारा गेल्यावर कळलं. आता तो परत आला, तरी मी त्याला ओळख देणार नाही.”

तेवढ्यात समोरून एक लांडोर गेली. ती घाईत होती. तिने मोराकडे बघितलंही नाही. पण पिसाऱ्याने तिला बघितलं. शालीची पानं फाटली, उडाली, आणि भर सभेत पिसारा फर्रकन उघडला. डोळ्याडोळ्यांचा, झगझगीत, गेल्या वर्षीपेक्षा मोठा.

चितळ इतकं हसलं, की त्याचा फेटा पडला. खाली कोवळी शिंगं निघाली. पाल दचकून उडाली. तिच्यामागून तिचं शेपूटही उडालं.

“काय झालं? कसला आवाज?” घुबडाने विचारलं.

 मोराने एकदा मागे बघितलं, एकदा घुबडाकडे. मग गळा काढून म्हणाला, “गुरुजी, घात झाला! माझं दुःख हरवलं!”

“काय सांगतोस!”

“इतके दिवस पोटाशी धरलं होतं. आज चारचौघांत गेलं. आता दुःखाशिवाय मी कोण?”

घुबडाचे डोळे भरून आले. “पिसारा काय, कुणाचाही हरवतो. पण दुःखच हरवल्याचं दुःख! ह्याहून खोल मी काही ऐकलेलं नाही. ढोली मोराची!”

ससे हमसून हमसून रडले.  हे आपल्याला आधी का सुचलं नाही, म्हणून चितळाला आणि पालीला खरोखरीचं वाईट वाटलं. पहिल्यांदाच.

मोराने त्या दिवशी वर बघितलं. “सूनबाई, सामान काढायला घ्या.”

नवरा एका पानामागे गेला. सून खाली उतरली. तिने खोडावर दात घासले, आधी वरचे, मग खालचे.

“भाऊजी,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज कसा आहे ते जंगलाला कळलं. “ढोलीचं तोंड लहान आहे. पिसारा आत मावायचा नाही. आणि तुमचं दुःखही हरवलंय म्हणता. दोन्ही कामं एकदमच होतील. जरा पाठ करा, मी मुळापासून कुरतडून देते. चितळभाऊजी, पालताई, तुम्हीही मागे रांगेत या. कुणाचंच दुःख राहायला नको.”

मोराने तिचे दात बघितले.

“सापडला!” तो ओरडला. “अर्थ सापडला!” आणि उडाला तो थेट ओढ्यापलीकडे. पाल घाबरून पुन्हा शेपूट टाकून पळाली. चितळाने झाडामागून अशी धूम ठोकली, की सासूबाई जेमतेम बाजूला झाल्या. त्या बसायच्या तिथली माती त्याच्या खुरांनी उधळली. खाली शेंगाच शेंगा.

“अगं बाई,” सासूबाई म्हणाल्या, “मी रोज ह्यांच्यावरच बसत होते की गं!” त्यांनी एक शेंग उचलली, हुंगली, आणि बराच वेळ फोडलीच नाही.

“काय सापडलं?” घुबड डोळे मिचकावत विचारत होतं. “मला ऐकू आलं. अर्थ का?”

 सून सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, “नाही काका. दाणे आहेत. बसा, दोन खा.”

तात्पर्य: आपलं दुःख नेहमी जपावं. शाल पांघरून सभेत न्यावं, दुसऱ्याच्या दुःखाला लावून मापावं. फक्त ते हरवलं, असं चुकूनही म्हणू नये. शोधून द्यायला कुणीतरी येतं.