रुग्णाचा आवाज: चार पद्धतींची तुलना

माणसाचं ऐकून घेणं हे सोपं काम नव्हे. त्यासाठी आधी सभागृह मिळावं लागतं. त्या इस्पितळाला तळमजल्यावर नव्वद खुर्च्यांचं मिळालं, हे रुग्णांचं भाग्य. विषय ठरला ‘रुग्णाचा आवाज’. तो कोणत्या पद्धतीने सर्वांत नीट ऐकू येतो यावर मात्र दुमत होतं. म्हणून चार दिवस चार पद्धती राबवून तुलना करायचं ठरलं. (रुग्णांनाच बोलवावं, अशीही सूचना आली होती. पण ते आजारी असतात.)

वक्त्यांना वेळेत थांबवायला टेबलावर घंटी लागते. इमारतीत तशी घंटी एकच, दुसऱ्या मजल्यावर सात नंबरच्या आजोबांच्या उशाशी. घशाच्या ऑपरेशनात त्यांचा आवाज पार गेलेला. पाणी हवं, दुखतंय, लघवीला जायचंय, सगळं ते घंटीवरच सांगायचे आणि वॉर्डातल्या मावशी हातातलं टाकून धावायच्या. पहिल्या दिवशी सकाळी कचेरीतला माणूस आला. “दोनच तास हं मावशी,” म्हणाला आणि घंटी खिशात घालून गेला.

पहिला मान परिसंवादाचा. परिसंवाद म्हणजे चार जणांनी एका टेबलाशी बसून चार वेगळी भाषणं करणं. चुकून संवाद होऊ नये म्हणून मध्ये फुलदाणी ठेवतात. प्रश्न चिठ्ठीवर घेतले. मावशींनी सिस्टरकडून लिहून घेतलं, ‘सात नंबरची घंटी कधी देता?’ चिठ्ठी नववी निघाली आणि वेळ सातांपुरताच होता.

दुसऱ्या दिवशी गोलमेज. इथे सगळे समान, म्हणून आत कोणाला घ्यायचं हे आधीच ठरवतात. दाराशी शिपायाने मावशींना अडवलं.

“आत काय चाललंय रे एवढं?”

“रुग्णाचा आवाज.”

“अरे, मग माझं ऐका की!”

“तुम्ही कुठे रुग्ण आहात, मावशी?”

मावशी तशाच जिना चढून वॉर्डात परतल्या.

तिसरा दिवस गटचर्चेचा. सहभाग शंभर टक्के. गट पाडायलाच पाऊण तास गेला. मावशी ‘इतर’ या गटात. सोबत लिफ्टमन आणि चुकून आत शिरलेले एक गृहस्थ. समस्या चित्रातून मांडायची होती, तर मावशींनी घंटी काढली. संचालक बाईंनी “किती छान!” म्हणत त्यावर लाल चांदणी चिकटवली आणि कागद भिंतीवर लावला. मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर आजोबा चमच्याने खाट वाजवत होते. शेजारच्यांची झोपमोड होऊ नये, म्हणून चमचाही काढून घेतला. (‘शांतता राखा’ ही पाटी जुनीच आहे.)

चौथ्या दिवशी खुली चर्चा. तिच्यात कोणीही बोलू शकतं, त्यामुळे नेहमीचेच बोलतात. पण मावशी वर केलेला हात खाली घेईनात. शेवटी दोन मिनिटं मिळाली.

“साहेब, तुमच्या पुढ्यातली ती घंटी आमच्या आजोबांची आहे हो. त्यांना हाक मारता येत नाही. काल अंथरूण ओलं झालं तर म्हातारा माणूस लाजेने रडला. मला तुमचं जेवण नको, प्रमाणपत्र नको, तेवढी घंटी—”

टिंग.

दोन मिनिटं झाली होती. नियम सगळ्यांना सारखा, असं अध्यक्ष हसून म्हणाले आणि टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेपासून टेबल सहा पावलांवर. नव्वदांपैकी कोणी उठलं नाही, कारण चर्चा चालू असताना उठणं बरं दिसत नाही. मावशीच तावातावाने पुढे निघाल्या, तोच वरून सिस्टर धावत आली. आजोबा एकटेच उठायला गेले होते. पडले, खुब्याचं हाड मोडलं.

तुलनेचा अहवाल चोपन्न पानी झाला. चारही पद्धती आपापल्या जागी उत्तम ठरल्या. घंटी विशेष उपयुक्त आढळल्यामुळे ती सभागृहात कायम ठेवावी, असं एकमताने ठरलं. चार दिवसांत एकाही रुग्णाची तक्रार ऐकू आली नाही, असंही त्यात म्हटलंय, आणि ते अगदी खरं आहे.

एक पद्धत मात्र अहवालात राहून गेली. तिचं नाव हळहळ. वाचक ती आत्ताच पार पाडून मोकळे झाले असतील. तिला सभागृह लागत नाही, अध्यक्ष लागत नाही. बसल्या खुर्चीत उरकते, आणि वर आपण किती भले आहोत असंही वाटतं. आजोबा अजून सात नंबरवरच आहेत. भेटीची वेळ चार ते सहा. अजून तरी कोणी आलेलं नाही.