वरीलप्रमाणे

टेलरकाकूंचा फोन वाजला की दुकानात जो कोणी असेल त्याने आधी टेबलावरचं कापड उचलायचं, असा शिरस्ताच पडून गेला होता. कारण फोन घ्यायला काकू टेबलावर चढत. समोर सहा मजली इमारत उभी राहिली तेव्हापासून दुकानात रेंज उरली होती ती फक्त छताजवळ, तीही लहर लागेल तशी. म्हणून फोन छताच्या खिळ्याला पिशवीत टांगलेला असे. दहांतला एखादा फोन लागे. लागला की काकू गळ्यात टेप आणि तोंडात दोन टाचण्या अशा अवस्थेत स्टुलावरून टेबलावर जात, टाचण्या हातात घेत आणि छताला डोकं टेकवून शांतपणे विचारत, "कुठे उसवलंय?"

हा प्रश्न त्यांच्या हक्काचा होता. अठरा वर्षांपूर्वी दुकान थाटलं तेव्हा त्यांनी एक नेम धरला होता. शिवलेल्या प्रत्येक कपड्याच्या कॉलरखाली कापडी पट्टी लावायची. पट्टीवर लिहायचं, 'टाका माझा. उसवला तर फोन करा. माझ्या हयातीत मीच घालीन.' आणि खाली नंबर. मुलांचे गणवेश, वकिलांचे कोट, दवाखान्यातल्या नर्सबाईंचे झगे, कचेऱ्यांतले शर्ट. हजारो माना काकूंचा नंबर पाठीशी घेऊन गावभर हिंडत होत्या.

त्या दिवशी काकू टेबलावर चढल्या, "कुठे उसवलंय?" म्हणाल्या, आणि पलीकडून नुसतं "कुठे... कुठे..." ऐकू येऊन फोन गप्प झाला. आठवड्यातली ही अकरावी खेप. काकू आवाज चढवणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या खाली उतरल्या, टाचण्या उशीला लावल्या आणि म्हणाल्या, "कंपनी बदलते. नंबर तोच ठेवते."

हे ऐकायला टेलरकाका तेवढे होते. काकांनी उभ्या जन्मात सुईत दोरा ओवला नव्हता. पाणीपुरवठा कचेरीत तीस वर्षं कारकुनी करून ते निवृत्त झाले होते, पण बायकोमुळे सगळे त्यांना टेलरकाकाच म्हणत. अक्षर गोल, टपोरं, आणि एकदा लिहिलेली गोष्ट पुन्हा लिहायची नाही हा कारकुनी बाणा. त्यांच्या रोजनिशीत महिन्याच्या पहिल्या तारखेला 'सकाळी फिरणे, दुपारी झोप, संध्याकाळी गुडघा' असं लिहिलेलं असे, आणि पुढे तीस दिवस नुसतं 'वरीलप्रमाणे'.

"नवाच नंबर घे ना," काका म्हणाले. "सुटसुटीत मिळतात हल्ली."

"आणि पट्ट्या? सगळ्यांच्या कॉलरी उसवायला याल का माझ्याबरोबर?"

काकांनी पेपर तोंडासमोर धरला.

नंबर न बदलता कंपनी बदलायची रीत तशी सोपी होती. जुन्या कंपनीला मेसेज धाडायचा, तिच्याकडून एक कोड यायचा, तो चार दिवसांच्या आत नव्या कंपनीच्या दुकानात द्यायचा. कोड आला तेव्हा काकू अर्थातच टेबलावर होत्या आणि हाताशी कागद नव्हता. हाताशी होती ती एका गिऱ्हाइकाची काळी पँट. काकूंनी कोड खडूने पँटच्या डाव्या पायावर लिहिला, घडी अशी घातली की खडू पुसला जाऊ नये, आणि पँट घेऊनच बाहेर पडल्या.

नव्या कंपनीच्या दुकानातल्या मुलीने पँटवरून कोड उतरवून घेतला आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. मग काकूंचं ओळखपत्र पाहून ती म्हणाली, "काकू, नाव जुळत नाही. जुन्या कंपनीकडे हा नंबर दुसऱ्याच कोणाच्या नावावर आहे."

"कोणाच्या?"

"ते आम्हाला नाही दिसत. तुमच्या नाही, एवढंच दिसतं."

अठरा वर्षं आपण परक्याचा नंबर लोकांच्या मानेवर शिवत आलो, या विचाराने घरी जाताना काकू रस्त्यात दोनदा थांबल्या. पण वाटेत पँट मात्र आडवी धरून आणली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलावर उभं राहून जुन्या कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. तिथल्या तरुणाने आधी त्या कंपनी सोडून चालल्या म्हणून घरातलं माणूस गेल्यासारखं दुःख केलं. मग तो म्हणाला की नंबर कोणाच्या नावावर आहे ते त्याला सांगता येणार नाही. मात्र त्यांनी नाव सांगितलं तर बरोबर की चूक एवढं तो सांगू शकेल. काकूंनी आपलं नाव सांगितलं. चूक. काकांचं सांगितलं. चूक. माहेरचं, सासूबाईंचं, घरमालकाचं, पहिला फोन ज्याच्याकडून घेतला त्या दुकानदाराचं, सगळी चूक. खाली एक गिऱ्हाईक एकच बाही घालून ताटकळत होतं. शेवटी तरुणालाच दया आली.

"काकू, 'व'वरून आहे. माझं नाव कुठे सांगू नका."

"मला ठाऊक तरी आहे का तुमचं नाव," काकू म्हणाल्या, पण तोवर रेंज गेली होती.

'व'वरून घरात एकच माणूस होतं, काकांची बहीण. फोन घेतला त्या साली वन्सं महिनाभर मुक्कामालाही होत्या. तिसऱ्या दिवशी काकू पँटसकट वन्संच्या दारात उभ्या राहिल्या आणि अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, तुम्ही माझा नंबर स्वतःच्या नावावर तर करून घेतला नाहीत ना. वन्संनी दार अर्धंच उघडलं होतं, ते तसंच ठेवलं. "ज्या दिवशी तू माझा कोट आखूड केलास ना वहिनी," त्या म्हणाल्या, "त्या दिवसापासून मी तुझं काही घेत नाही. नंबर कसला घेते." अठरा वर्षं दोघींत न निघालेला तो कोट त्या दिवशी निघाला आणि तास-दीड तास चालला. नंबर राहिला बाजूलाच.

चौथा दिवस उजाडला. संध्याकाळी सहाला कोड मरणार होता. काकूंनी दुकानाला कुलूप लावलं, पँट घेतली, काकांना घेतलं आणि जुन्या कंपनीची कचेरी गाठली. काउंटरवर फिकट निळ्या शर्टातले एक गृहस्थ होते. त्यांनी ओळखपत्र पाहिलं, नंबर टाकला, बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. मग अठरा वर्षांपूर्वीचा मूळ अर्ज उघडून पडदा काकूंकडे वळवला.

ग्राहकाचे नाव: वरीलप्रमाणे. पत्ता: वरीलप्रमाणे. व्यवसाय: वरीलप्रमाणे. अक्षर गोल, टपोरं.

काकूंनी काकांकडे पाहिलं.

"त्या दिवशी दोन अर्ज भरले होते," काका घसा खाकरत म्हणाले. "माझा आधी, तुझा नंतर. माझा वर ठेवला होता आणि तुझा खाली. कंपनीवाल्यांनी दोन्हींना टाचणी लावायला हवी होती."

"व्यवसायसुद्धा वरीलप्रमाणे? मी पाणीपुरवठ्यात होते?"

"अक्षर बाकी सुरेख आहे," काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले. ते टोमणा मारत नव्हते. त्यांना टोमणा मारता येत असेल असं वाटत नव्हतं. नावात बदल करायचा तर सध्याच्या ग्राहकाची लेखी संमती लागते, असं त्यांनी समजावलं. म्हणजे श्रीमती किंवा श्री. वरीलप्रमाणे यांना घेऊन यावं लागेल. काकू म्हणाल्या, वरीलप्रमाणे मीच. गृहस्थांनी पुरावा मागितला.

पावणेपाच झाले होते. काकू समोरच्या बाकावर बसल्या, पँट मांडीवर पसरली आणि पिशवीतून सुईदोरा काढून तिचा खालचा काठ दुमडायला लागल्या, खडूला धक्का न लावता. "तुमचं चालू द्या," त्या म्हणाल्या. "मी आहे."

गृहस्थांचं चालू होतं. वरच्या कप्प्यातली फाइल काढायला त्यांनी हात उंच केला आणि काकूंची सुई थांबली. शर्ट काखेत चांगला वीतभर उसवला होता. तिथे कागदाला लावायच्या तीन पिना होत्या.

"साहेब, हा शर्ट कोणाकडे शिवलात?"

साहेबांच्या आवाजाला पहिल्यांदाच धार आली. आहे एक टेलरबाई, ते म्हणाले. कॉलरला मोठी पट्टी लावून ठेवलीय, टाका माझा म्हणून. आमच्या घरून दोन आठवडे फोन करताहेत, लागेल तर शपथ. एकदा लागला तर बाई नुसतं 'कुठे उसवलंय' म्हणाल्या आणि बंद. "लोक शब्द देतात, आणि फोन बंद करून बसतात. नसता दिला तर काय बिघडलं असतं?"

आपला शब्द खोटा पडेल ही जी धास्ती काकूंना चार दिवस होती, ती तीन पिना लावून समोर उभी होती. त्या उठून काउंटरपाशी गेल्या.

"जरा इकडे पाठ करा," त्या म्हणाल्या. "आणि तो टेबलावरचा फोन हातात घ्या. अहो, तुम्ही वाचा."

साहेब नियमाबाहेर काही करणारे नव्हते, पण पाठ करू नये असा नियमही नव्हता. काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, साहेबांची कॉलर उलटी केली आणि एकेक आकडा खणखणीत वाचला. साहेब दाबत गेले.

"आठ," काका म्हणाले. "पुढचा, मागीलप्रमाणे."

साहेबांचं बोट हवेत राहिलं.

"आठ म्हणा," काकू दातांतल्या दातांत म्हणाल्या.

शेवटचा आकडा पडला आणि काकूंच्या पिशवीत फोन वाजला. कंपनीची स्वतःची कचेरी, तिथे रेंजला काय तोटा. काकूंनी फोन कानाला लावला आणि काउंटरपलीकडच्या पाठीला विचारलं, "कुठे उसवलंय?"

साहेब सावकाश वळले. रिसीव्हर अजून कानाशीच होता. "काखेत," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "वरीलप्रमाणे बाई आपणच?"

"मीच."

पुढची वीस मिनिटं साहेब कोट घालून बसले आणि नाव, पत्ता, व्यवसाय ओळखपत्रावरून एकेक अक्षर तपासून दुरुस्त करत राहिले. शर्ट काकूंच्या हातात होता. काखेत त्यांनी दुहेरी टीप घातली आणि वर एक टाका जास्तीचा. निघताना साहेब म्हणाले, घरी सांगतो फोन लागला म्हणून.

सहाला दहा कमी असताना दोघं नव्या कंपनीच्या दुकानात पोचली. काकू मुलीला पँटवरचा कोड दाखवत होत्या तेवढ्यात झाल्या चुकीची भरपाई म्हणून काकांनी अर्ज ओढून घेतला आणि आपल्या सर्वांत सुंदर अक्षरात भरून टाकला. या खेपेला त्यांनी नाव पूर्ण लिहिलं, पत्ता पूर्ण लिहिला. काकूंनी दोन्ही वाचून पाहिलं. तिसरी ओळ बारीक टाइपात होती, ती त्यांना चष्म्याशिवाय दिसली नाही.

दोन दिवसांनी नवं कार्ड सुरू झालं. पँट धुऊन, इस्त्री करून गिऱ्हाइकाकडे गेली. काकूंनी खिळ्याची पिशवी काढली, फोन शिलाई मशीनच्या बाजूला ठेवला, आणि पहिला मेसेज आला: 'प्रिय खालीलप्रमाणे, आमच्या परिवारात आपले स्वागत.'

काकूंनी फोन काकांच्या पेपरासमोर धरला. काका बराच वेळ वाचत होते. अर्जाच्या तिसऱ्या ओळीत विचारलं होतं, ते म्हणाले, की आपल्याला कोणत्या नावाने संबोधावे. आणि नाव तर खाली सहीपाशी पुन्हा लिहायचंच होतं. आत्ता जाऊन दुरुस्त करून आणतो, म्हणत ते चपला शोधायला लागले.

तेवढ्यात फोन वाजला. सवयीने दुकानात आलेल्या एका बाईंनी टेबलावरचं कापड उचललं, सवयीने काकूंचा एक पाय स्टुलावर गेला. मग त्यांनी तो पुन्हा जमिनीवर ठेवला आणि उभ्या जागी फोन घेतला. साहेबांच्या मंडळी होत्या. पलीकडून एकेक शब्द स्वच्छ येत होता. काकू सगळं ऐकून घेत होत्या, आणि मध्येच त्यांनी फोनवर हात ठेवला.

"अहो, चपला राहू द्या," त्या काकांना म्हणाल्या. "वर चढून बोलत होते तोवर वरीलप्रमाणे होते. आता खाली उभी राहून बोलतेय. बरोबरच आहे ते."

मग त्यांनी हात काढला. "हं, बोला. आणखी कुठे उसवलंय?"