काकूंचा कोरस

विजयाकाकूंच्या घरी चहा सांडला तरी शोकांतिका होते. "ओइमोइ!" अशी त्या जी आरोळी ठोकतात, तिनं टेक्सासमधल्या आमच्या प्लेनो गावातल्या निम्म्या गाड्यांचे अलार्म वाजायला लागतात. "प्राचीन ग्रीक असंच रडायचे," हे वर आम्हांलाच ऐकवतात.

काकूंनी उभा जन्म डेटाबेस सांभाळले. रिटायर झाल्या, काका गेले, मुलगी सिएटलला, आणि पाच बेडरूमच्या घरात काकूंनी ग्रीक नाटकं वाचायला घेतली. वाचली कसली, फस्त केली! मग त्याच धाटणीचं एक स्वतः मराठीत लिहिलं. एका राणीचं अख्खं घराणं एका दुपारी खलास. राणी अर्थात काकू. कोरस आम्ही, म्हणजे नाटकभर स्टेजवर उभा राहून हळहळणारा घोळका: पुण्या-नागपूरचे आयटीवाले, बेडशीट गुंडाळलेले.

तालीम दर शनिवारी सकाळी, गॅरेजमध्ये. विलाप करत डावीकडे जायचं, मग उजवीकडे. शेजाऱ्यांनी एकदा पोलीस बोलावला. तो दारात दिसताच काकू कडाडल्या, "यू आर लेट!" आणि त्याला मागच्या रांगेत उभं केलं. बिचारा तासभर हळहळला, जाताना डब्यातून साबुदाण्याची खिचडी घेऊन गेला. खोटं वाटतंय? तो डबा अजून परत यायचाय.

तीन वर्षं झाली, प्रयोग मात्र एकही नाही. कधी मुखवटे बरोबर नाहीत, कधी "तुम्ही रडता की स्टेटस अपडेट देता?"

यंदा इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष सावंत अडूनच बसले. "काकू, गणपतीत हॉल तुमचा. पुढच्या शनिवारी तालीम बघतो, नीट झाली की डेट फायनल."

आम्ही जल्लोष केला. काकू नुसत्याच बेडशीटच्या घड्या घालत राहिल्या.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "काकू, आता काय अडलं?"

"काही नाही रे मंदार. राणीचे सगळे जातात बघ, पण कोरस हलत नाही. शेवटपर्यंत उभा." त्यांनी एक चादर उगाचच झटकली. "प्रयोग झाला की तुम्हीही सुटाल. शनिवारी निवांत झोपा."

पुढच्या शनिवारी कोरस असा काही लागला, की खुद्द ग्रीकांनी तिकीट काढलं असतं. पावलं एक, आवाज एक. सावंतांनी तारीख टाकायला फोनसुद्धा काढला. काकू शेवटचं वाक्य ओढून ओढून लांबवत होत्या.

सगळे डावीकडे वळले. मी उजवीकडे वळलो. नागपूरचा देशमुख माझ्यावर, त्याच्यावर कुलकर्णी, आणि क्षणात सबंध कोरस वॉशिंग मशीनपाशी आडवा.

"यंदा राहू द्या," म्हणत सावंतांनी फोन खिशात घातला.

"गाढवा, तीन वर्षांत डावं-उजवं कळेना?" काकू गरजल्या. "पुढच्या शनिवारी तासभर आधी यायचं! आणि कुणी जेवून यायचं नाही!" आणि ताडताड स्वयंपाकघरात गेल्या. आतून भांड्यांचा केवढा तरी उत्साही आवाज यायला लागला.

देशमुख अजून माझ्या अंगावरच होता. कानाशी पुटपुटला, "यार, मीच वळणार होतो. तू मध्ये आलास."