शांतवन सरांचे राजे

शांतवन सर नाकावरून राजे ओळखत. चांदीची प्राचीन नाणी जमवायचं त्यांना वेड होतं, आणि नखाएवढ्या त्या नाण्यावर राजाचं नाक तेवढं ठसठशीत असतं. पण ही सवय नाण्यांपुरती राहिली नाही. सर आणि मी शिकवत होतो त्या श्रीरामपूरच्या शाळेत नवे हेडमास्तर आले, तेव्हा सरांनी त्यांना उजेडाकडे वळवलं, एका बाजूनं न्याहाळलं आणि माझ्या कानात म्हणाले, "अस्सल क्षत्रप! पण जरा झिजलेला."

क्षत्रप म्हणजे अठराशे-दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या भागात राज्य करून गेलेले राजे. सर शिकवायचे भूगोल. पण तास पर्जन्यछायेवर सुरू झाला तरी घंटा व्हायच्या आत क्षत्रप येऊन बसायचेच.

रविवारी चर्चहून आले की 'राजांची आंघोळ'. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यात कढत पाणी, त्यात खायचा सोडा आणि मीठ, आणि तळाला टेकवलेली काळी नाणी. मग सडक्या अंड्यांचा असा वास सुटायचा की त्यांच्या पत्नी मार्थाबाई शेजारी आमच्या ओट्यावर येऊन बसायच्या. "राजे न्हातायत. झालं की जाते."

एकदा मी मदत म्हणून राखुंडी घेऊन नाणं घासायला बसलो. सर किंचाळलेच. "अहो, नाक जाईल त्याचं! मग मी त्याला ओळखू कसा?"

क्षत्रपांमधला एक राजा त्यांना अकरा वर्षं सापडत नव्हता. त्याचा बाप सरांच्या नाण्यांच्या डबीत होता, मुलगा होता. हा मधलाच बेपत्ता. सर त्याच्याबद्दल घरातून पळालेल्या पोरासारखं बोलत.

बाहत्तरच्या दुष्काळात शाळेचा शिपाई सांगत आला, की नेवाशाकडं तलावाच्या कामावर एका बाईला चांदीचं बटण सापडलंय. पुढच्या रविवारी सरांनी चर्च बुडवलं. स्टोव्ह, पातेलं, सोडा आणि मी, असा सगळा सरंजाम एसटीत चढला.

गोदाबाई नावाची ती बाई. तिनं पदराची गाठ सोडून काळाकुट्ट तुकडा पुढे केला. जेवणाची सुट्टी होती. शे-दोनशे माणसं भोवती. स्टोव्ह पेटला, वास सुटला आणि भाकरी घेऊन माणसं मागं पळाली. मुकादम नाकाला उपरणं लावून ओरडला, "मास्तर, बाम्ब हाय का काय?"

सरांनी नाणं मऊ फडक्यानं टिपलं, उलटं करून भिंगाखाली धरलं आणि मागची ब्राह्मी अक्षरं वाचू लागले. आधी बापाचं नाव. मग राजाचं. आणि मग पन्नाशीचे शांतवन सर मातीच्या ढिगावर चढून नाचले! "सापडला! अहो, सापडला!" काही कळलं नव्हतं, तरी बायांनी टाळ्या पिटल्या.

"बगू मला," म्हणत गोदाबाई ढिगावर चढली, आणि सरांनी सुलटं धरलेल्या नाण्यावर तिनं भिंग धरलं. बराच वेळ पाहिलं. "मास्तर, ह्ये तर आमचं धनी! अशाच मिशा हुत्या. जाऊन लई वर्सं झाली. फोटू न्हाई निगला कधी." मग दबकत म्हणाली, "तुमाला पायजे आसंल न्हवं?"

सर ढिगावरून उतरले. नाणं त्यांनी तिच्याच तळहातावर ठेवलं. "नको बाई. तुमचं माणूस आहे. घासू मात्र नका."

परतीच्या एसटीत मी न राहवून चिडलो. "अकरा वर्षं, सर! तिनं विचारलं तेव्हा हो तरी म्हणायचं!"

सरांनी मांडीवरचं पातेलं खाली ठेवलं. मग म्हणाले, "आमची धाकटी लेक तीन वर्षांची होऊन गेली. तुम्ही शेजारी यायच्या आधीची गोष्ट. फोटो नाताळात काढू म्हटलं होतं. डोळे आठवतात हो तिचे. हनुवटी मात्र आता आठवत नाही. मार्थाला विचारायचा धीर होत नाही."

खिडकीतून धुरळा आत येत होता. मी उठून काच ओढून घेतली, आणि श्रीरामपूर येईपर्यंत त्यांच्या शेजारी नुसता बसून राहिलो.