पाय तिचो

आमचे आत्माराम सर कुणाच्याही पाठीमागून येत नाहीत. कॅन्टीनमध्ये तुम्ही पाठमोरे बसला असाल, तर ते अख्ख्या टेबलाला वळसा घालून तुमच्या डाव्या बाजूला येतात, घसा खाकरतात आणि म्हणतात, "आयलो हां." मगच पुढचं बोलणं. सकाळी पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, गरम उंडे पाव घेऊन कॉलेजच्या फाटकाशी यायचा, त्याच्या सायकललाही ते डावीकडूनच गाठायचे. एकदा प्राचार्य डावा खांदा भिंतीला टेकून फोनवर बोलत होते. सर रजेचा अर्ज हातात धरून तसेच उभे राहिले, प्राचार्य हलेपर्यंत.

सर आम्हाला घोडा शिकवायचे. पेडण्यातल्या आमच्या कॉलेजात बी.कॉम.ला उद्योजकता होती आणि तिच्या जोडीला एक कौशल्याचा विषय घ्यावाच लागायचा. मला बेकरी हवी होती. अर्ज भरायला दोन दिवस उशीर झाला, बेकरीच्या जागा भरल्या आणि माझ्या नशिबी 'अश्वसंगोपन व घोडेस्वारी' आलं. इब्रामपूरला घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "गोठ्यातली म्हस तुका बघून शेपटी मारता, आणि तू घोडो सांभाळतलंस?"

घोडी एकच होती, मोगरा. तांबूस रंगाची, पोट सुटलेली आणि भारी मानी. हजेरीत पहिलं नाव तिचं. "मोगरा?" म्हणून सर थांबायचे. ती फुरफुरली की मग आमचा नंबर. एक दिवस ती गप्प राहिली, तर सरांनी तास सोडून दिला. "आज तिचो मूड ना," म्हणाले. आमचा मूड कुणी कधी विचारला नव्हता.

स्वारी नंतर, आधी खूर. घोडीचा पाय उचलून लोखंडी आकडीने खुरातली घाण काढायची, हा सरांचा आवडता धडा. डावीकडून जायचं, आधी बोलायचं, खांद्यावर तळवा ठेवायचा आणि तो न उचलता पायापर्यंत न्यायचा. मग थांबायचं. "पाय तिचो. ती देतली तेन्ना घेवचो," हे वाक्य आम्ही वर्षभरात किती वेळा ऐकलं त्याला सुमार नाही. मोगराने पाय दिला की सर वाकलेलेच तिला म्हणायचे, "देव बरें करूं." आम्ही मागे खिदळायचो. घोडीचे कोण आभार मानतं?

उद्योजकतेच्या मॅडम शिकवायच्या, ग्राहक हा राजा. सरांना ते पटायचं नाही. "राजा खंयचो? गिरायक म्हणजे घोडी. न विचारता मागसून गेल्यार लाथ," ते सांगायचे. मॅडमनी हे वाक्य आम्हाला परीक्षेत लिहायला मनाई केली होती.

शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा आली. चारही खूर साफ करायचे आणि मैदानाला एक फेरी मारायची. मला सगळ्या पायऱ्या तोंडपाठ होत्या आणि तिथेच घात झाला. घड्याळाकडे बघत मी भराभर तीन पाय उरकले आणि चौथा, मागचा उजवा, सरळ खेचला. मोगराने तो हिसडून शेजारच्या पाण्याच्या बादलीवर आपटला. बाहेरून आलेल्या परीक्षकांचे बूट चिंब. ते बिचारे "असू दे, असू दे" म्हणत होते, पण सरांनी ऐकलं नाही. "नापास. हांव नाय, घोडी सांगता."

आठ दिवसांनी फेरपरीक्षा. तीही गेली तर पदवी वर्षभर लांबणार. आणि सर नेमके रजेवर! मी चिडूनच डिचोलीची बस धरली आणि विचारत विचारत मुळगावला त्यांच्या घरी पोचले. जादा सराव मागायचा आणि थोडं भांडायचंही, असा बेत होता.

फाटकातच थबकले. पडवीत खुर्चीवर एक बाई बसल्या होत्या, उजवा हात मांडीवर पडलेला. सर आतून आले, खुर्चीला वळसा घालून त्यांच्या डावीकडे उभे राहिले आणि म्हणाले, "आयलो हां." मग खाली बसले. उजव्या गुडघ्यावर तळवा ठेवला, तो हळूहळू घोट्यापर्यंत नेला. आणि थांबले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग ते पाऊल जमिनीपासून जेमतेम बोटभर उचललं गेलं. सरांनी त्यात चप्पल सरकवली.

"देव बरें करूं," ते म्हणाले.

मला पाहून ते गडबडले नाहीत. त्या त्यांच्या पत्नी, काकू. तीन वर्षांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. "पयलीं हांव धावत येवन तिका उचलतालो. ती भियेताली. मगे मोगरान शिकयलें माका," सर म्हणाले. आपल्या खिदळण्याची मला इतकी लाज वाटली की भांडायचं विसरूनच गेले. सरावाचं मी विचारलंच नाही.

फेरपरीक्षेत मी घड्याळ काढून ठेवलं. चौथ्या पायाशी किती वेळ उभी होते, ठाऊक नाही. परीक्षक दोनदा खोकले. मोगराने पाय दिला तेव्हा तोंडातून आपोआप "देव बरें करूं" निघालं. मागे कुणीतरी खिदळलं, पण या वेळी त्यात मी नव्हते.

आज इब्रामपूरला माझ्या दोन घोड्या आहेत, मुलं स्वारी शिकायला येतात. बाबा त्यांना डावीकडून कसं जायचं ते असं समजावतात की जणू त्यांनीच शोधून काढलंय. हे सगळं मी सरांचं देणं मानते.

निकाल लागला त्या दिवशी पेढे घेऊन मुळगावला गेले होते. काकू पडवीत होत्या. वळसा घालून डावीकडे गेले आणि म्हटलं, "आयलें हां, काकू. पास जालें." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मांडीवरचा तो उजवा हात थरथरत जरासा वर आला. मी पटकन धरायला गेले.

आतून सरांचा आवाज आला, "गो बाय, हात तिचो."

मी थांबले. काकूंनी तो आपणहून माझ्या हातावर ठेवला.